चढावर उतरायचं नाही

मागचं चाक आयरिश समुद्रात बुडवायचं,
पुढचं, तिसऱ्या दिवशी, उत्तर समुद्रात.
मधे इंग्लंड.
थ्रेलफॉल हे असं म्हणाला, जणू
टपाल निवडायच्या टेबलाची ही कड, ती कड.

आम्ही सातजण, मोरकमच्या टपालकचेरीतले.
पहाटे चारला उठायची सवय, हीच काय ती तयारी.
रॉझने मुलाची सायकल आणली,
दांडीवर डायनासोरचं स्टिकर तसंच.
फारुखच्या नव्या चड्डीला गादी इतकी जाड
की तो उतरला तरी बसल्यासारखाच दिसे.
आणि मी, कचेरीच्या सायकली मोडीत निघाल्यापासून
लाल व्हॅनमध्ये बसून बसून रुंदावलेली.

विल्फसाठी निघालो होतो.
म्हणजे विल्फ ज्या घरात आता पडून असतो
त्या घराच्या रात्रपाळीच्या नर्सच्या पगारासाठी.
एकतीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली त्याने,
कुठला कुत्रा चावतो आणि कुठला नुसता भुंकतो
हे एका वहीत लिहून मला दिलं.
वही अजून व्हॅनमध्ये आहे.
कुत्रे सगळे मेले.

देणगीच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ:
मिसेस ब्लीझडेल, एक पौंड.
पुढे थरथरत्या अक्षरांत अट,
चढावर उतरायचं नाही.

पहिला दिवस गप्पांत गेला.
दुसऱ्या दिवशी ग्रीनहाऊ.
दगडी कुंपणं वर वर जात राहिली
आणि रस्ता त्यांच्याही वर.
मेंढ्या रवंथ थांबवून बघत होत्या.
माझ्या मांड्यांनी आधी तक्रार केली, मग विनंती,
मग सरळ राजीनामा.
मी उतरले.

मागून थ्रेलफॉल आला.
हाच तो, ज्याने आईच्या आजारपणात
माझ्या रजेच्या अर्जावर लाल शाईने लिहिलं होतं
'नाताळच्या गर्दीत शक्य नाही'.
अकरा वर्षं आम्ही फक्त पिनकोड बोलतो एकमेकांशी.
तोही उतरला.
त्याचा श्वास जुन्या भात्यासारखा.
दोघं सायकली ढकलत चाललो,
मधे एका मेंढीएवढं अंतर.
माथ्यावर त्याने अर्धं केळं पुढे केलं.
काळं पडलेलं, खिशात चेपलेलं.
मी घेतलं.
बोललो काहीच नाही; वारा फार होता,
असं म्हणू या.

तिसऱ्या दिवशीचं फारसं आठवत नाही.
सपाट शेतं, रॉझची सुटलेली साखळी,
ड्रिफील्डच्या चहाच्या दुकानातली बाई
जिने आमचे पैसे घेतले नाहीत
आणि का ते सांगितलंही नाही.
ब्रिडलिंग्टनला पुढचं चाक पाण्यात घातलं.
एक लाट आली, बूट भरले.
फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले.

सोमवारी पत्रं टाकताना मिसेस ब्लीझडेलचं दार वाजवलं.
खरं ते सांगितलं. एका ठिकाणी उतरले, म्हटलं,
साधारण पाऊण मैल.
त्यांनी पर्स उघडली, माझ्याकडे पाहिलं,
पर्स मिटली.
'अट म्हणजे अट.'
आणि आत जाऊन विल्फसाठी आल्याच्या वड्यांचा डबा आणला.

पैसे थ्रेलफॉलने मोजले.
दोनदा मोजले.
माझ्या हिशोबापेक्षा एक पौंड जास्त भरला,
आणि मी माझ्या खिशातला तर
अजून टाकलाच नव्हता.

संध्याकाळी डबा घेऊन विल्फकडे गेले.
खिडकीपाशी पलंग, उशीत रुतलेलं डोकं,
हात चादरीवर पत्रांचे गठ्ठे चाळत असल्यासारखे.
एकशे सत्तर मैल, म्हटलं.
तो बराच वेळ गप्प.
मग विचारलं, 'वारा कुठून होता?'
'पश्चिमेकडून.'
'म्हणजे पाठीवर,' विल्फ म्हणाला,
एक वडी तोंडात टाकली,
'मग त्यात काय मोठंसं?'